विडी वळते म्हणजे नक्की काय करते?

माझी पहिली कथा मासिकाकडून परत आली तेव्हा सोबत नकाराचं पत्र नव्हतं. कथेच्याच दुसऱ्या पानावर, समासात, शिसपेन्सिलीनं एक ओळ लिहिलेली होती : ‘ही बाई विडी वळते म्हणजे नक्की काय करते?’

मी तेव्हा 23 वर्षांची होते. कथा काळीज हलवणारी आहे याबद्दल मला शंका नव्हती. सोलापूरच्या पूर्वभागातली एक विडी कामगार बाई, नवरा गेलेला, मुलीची शाळा सुटलेली, शेवटी भर पावसात उंबऱ्यावर बसून रडणं. तिच्या कामाबद्दल सबंध कथेत एकच वाक्य होतं : ‘ती दिवसभर विड्या वळत असे.’

ओळ वाचून मला राग आला. मी त्याच गल्लीत वाढले होते. शाळेत जाता-येता दारोदारी सूप मांडीवर घेऊन बसलेल्या बायका पाहत आले होते. मला काय विचारता? म्हणून संपादकांना उत्तर लिहायला बसले आणि पहिल्याच वाक्याला अडले. आधी पान हातात घेतात की आधी तंबाखू? पान ओलं असतं की कोरडं? दोरा कुठे ठेवतात? कापतात कधी? इतकी वर्षं डोळ्यांसमोर चाललेलं काम, आणि मला त्यातलं काहीच सांगता येत नव्हतं.

ते उत्तर मी कधी पाठवलं नाही. पण गेली कित्येक वर्षं कथा लिहिताना मी त्याच प्रश्नाशी परत येते. नव्यानं लिहू लागलेली मुलं-मुली विचारतात, कथा सुचते कशी, पात्र जिवंत कसं करायचं, संवाद कसे लिहायचे. माझ्याकडे या सगळ्याला निघण्याची एकच जागा आहे. तुमच्या पात्राचे हात दिवसभर काय करतात ते आधी पाहून या.

मी गेले ते आमच्या मागच्या चाळीतल्या अक्काकडे. अक्का तेलुगू. तिला गल्लीत सगळेच अक्का म्हणायचे, तिच्याहून मोठ्या बायकासुद्धा. मी म्हटलं, "अक्का, तुझ्याजवळ बसू का थोडा वेळ?" तिला वाटलं, मला काहीतरी मागायचंय. "बस की. काम असलं तर सांग." मी म्हटलं, काम काही नाही. ती हसली आणि सरकून जागा करून दिली.

तेंदूची पानं आदल्या दिवशीच पाण्यात भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवलेली असायची. कोरडं पान वळताना तडकतं. सकाळी ती पानं सोडवायची, पत्र्याचा छोटा चौकोनी साचा पानावर ठेवायची आणि कात्रीनं त्याच्या कडेकडेनं कापायची. जाड शीर आली तर तो तुकडा बाजूला. हे कापणं उरकलं की मग सूप मांडीवर. सुपात एकीकडे तंबाखू, एकीकडे पानांची चळत, कडेला दोऱ्याचं रीळ. डाव्या हातात पान, उजव्या हातानं चिमूटभर तंबाखू त्यावर सारखी पसरायची, बोटांच्या पेरांनी घट्ट वळायचं, दोऱ्याचे फेरे द्यायचे, तोंड आत मुडपायचं. एक झाली. 25 चं एक बंडल. अशी 40 बंडलं म्हणजे हजार, आणि मजुरी हजारावर ठरलेली. संध्याकाळी माल कारखान्यात द्यायचा. तिथला तपासणारा बंडल उघडून बघणार, सैल वाटली, आखूड वाटली तर बाजूला काढणार. त्याला छाट म्हणतात. पान आणि तंबाखू वजनानं दिलेली असते, त्यामुळे छाट गेली की तेवढा हिशेब बाईनं आपल्या पदरचा भरायचा.

हे सगळं मी वहीत लिहून घेतलं आणि वाटलं, झालं, प्रश्नाचं उत्तर मिळालं. ही माहिती कथेत घातली की कथा खरी होईल. तसं काही झालं नाही. दुसऱ्या खर्ड्यात मी पान-दोरा-साचा सगळं घातलं आणि ती कथा शाळेच्या भूगोलाच्या धड्यासारखी दिसू लागली. तरीही मी अक्काकडे जात राहिले, कारण तोवर मला तिथं बसायची सवय लागली होती.

खरं सापडलं ते दोन-तीन आठवड्यांनी, आणि ते तिच्या हातांत नव्हतं, बोलण्यात होतं. अक्का चार शब्द बोलायची आणि थांबायची. मग पुन्हा चार-पाच शब्द. मला आधी वाटायचं, मराठी तिची भाषा नाही म्हणून शब्द शोधत असेल. एक दिवस लक्षात आलं की ती थांबते ते नेमकं दोऱ्याचे फेरे देताना. त्या क्षणी बोटांना सगळं लक्ष हवं असतं, ओठ आपोआप मिटतात. फेरे पडले की वाक्य पुढे सरकतं. म्हणजे तिच्या वाक्याची लांबी एका विडीएवढी होती. आणि समोरच्याचं उत्तर ती कधीही बघून ऐकायची नाही. डोळे सुपातच. आयुष्यातली सगळ्यात जड गोष्ट तिनं मला मान वर न करता सांगितली : "ते गेले ना... त्या दिवशी... सहाशे झाल्या होत्या."

नवरा गेला त्या दिवसाची तिला तारीख सांगता आली नसती. सहाशे हा आकडा मात्र पक्का होता. चारशे राहिल्या होत्या.

मी घरी आले आणि कथेतलं पावसातलं रडणं एका रेघेनं खोडलं.

नवीन लेखकाला मी म्हणते की पात्राचं काम शिका, ते असल्या एखाद्या वाक्यासाठी. कामाची माहिती बहुतेक फेकूनच द्यायची असते. माझ्या छापून आलेल्या कथेत साचा नाही, कात्री नाही, छाट हा शब्द एकदाच आहे. पण कामामुळे त्या बाईचं थांबणं कुठे येतं ते मला कळलं. तिच्या मोजण्याची मापं कळली. तिला उन्हाळा कसा कळतो ते कळलं. सोलापूरचा पारा एप्रिल-मे महिन्यांत कधीकधी 44 च्याही पुढे जातो, आणि आम्ही लेखक लगेच रणरणतं ऊन, भाजणारा वारा वगैरे लिहायला घेतो. अक्काच्या घरात उन्हाळा म्हणजे गोणपाटावर दिवसातून दोनदा जास्तीचं पाणी शिंपडणं. पानं सुकता कामा नयेत. एवढं एक शिंपडणं लिहिलं की ऊन वेगळं लिहावं लागत नाही.

सोलापूरच्या माणसानं कथेबद्दल लिहायला घेतलं की ताणा-बाणा, धोटा, वीण हे मागावरचे शब्द ओघानं येणार अशी सगळ्यांची अपेक्षा असते. मी ते टाळते. माग ही उपमा म्हणून फार सोपी आहे, आणि तिचा वापर बहुधा मागापाशी कधी उभे न राहिलेले लोकच करतात. माझे वडील यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारे. आमच्या घरात चादरीवर कुणी कविता केली नाही. चादर म्हणजे पाळी, पगार आणि रात्री वडिलांच्या केसांत अडकलेला कापसाचा भुसा.

वडील घरात फार कमी बोलायचे. मीठ हवं असेल तर वाटीकडे बोट. दिवा घालवायचा असेल तर हात वर करून मनगट वळवायचं. पाहुणे आले की दोन बोटं दाखवायचे, म्हणजे दोन चहा. जेव्हा बोलायचे तेव्हा आवाज एवढा मोठा की आम्ही भावंडं दचकायचो. मी त्याचा अर्थ राग असाच लावत आले. एका कथेत मी असा घुमा, तापट बाप रंगवलासुद्धा, आणि त्याच्या रागाला कारण हवं म्हणून त्याच्या तरुणपणात एक अपमान घुसडला.

ते निवृत्त झाल्यावर काही कागद आणायला मी त्यांच्या कारखान्यात गेले. शेडमध्ये पाऊल टाकलं आणि सगळ्या मागांच्या खटाखट आवाजात मला माझाच श्वास ऐकू येईना. दोन मागांच्या पलीकडून एका विणकरानं अलीकडच्याला अंगठा दाखवला, मग तळहात उलटा केला. अलीकडच्यानं मान हलवली आणि माग थांबवून तुटलेली तार शोधू लागला. तिसरा एकजण आला आणि त्याच्या कानाला जवळजवळ तोंड लावून ओरडला. त्याला अख्ख्या शेडमध्ये दुसरा उपाय नव्हता. तिथं मी उभी राहिले आणि मला मीठाची वाटी दिसली. 30 वर्षं जिथं आवाज निरुपयोगी होता तिथून तो माणूस रोज घरी यायचा, आणि घरी आल्यावर त्याचा हात आधी बोलायचा. त्यात राग नव्हताच.

ती कथा छापून आली होती. वडिलांनी ती वाचली होती की नाही, मी कधी विचारलं नाही.

म्हणून मी सांगते, पात्राला स्वभाव देण्याची घाई करू नका. ‘तो रागीट होता’, ‘ती सोशिक होती’ असं लिहायला एक ओळ लागते आणि ती ओळ बहुतेक वेळा चुकीची असते. आधी तो माणूस आठ-दहा तास कुठे असतो ते बघा. तिथं उजेड कसा आहे, आवाज किती आहे, उभं राहावं लागतं की बसावं लागतं, कुणाला विचारून पाणी प्यायला जावं लागतं. रिक्षावाला मागं बसलेल्याशी बोलताना आरशात बोलतो. शिक्षिका घरीसुद्धा एकच गोष्ट तीनदा सांगते. कापड दुकानातला माणूस सोयरिकीच्या बैठकीतही समोरच्या पदराचा पोत बोटांनी चाचपतो. हे तुम्हाला घरबसल्या सुचणार नाही. तुम्ही पाहाल तेव्हाच तुमच्या हाती लागेल.

आता भाषेचं. सोलापुरात कथा लिहिणाऱ्याला हा प्रश्न टाळता येत नाही, आणि मला वाटतं इतर गावच्या लेखकांनाही तो उपयोगी पडेल. आमच्याकडे एका चौकात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी ढंगाची उर्दू अशा चार भाषा एकाच चहाच्या गाड्यावर उभ्या असतात. आणि मराठीसुद्धा आमची अशी : "काय करायलास बे?" "जेवायलोय की." तर मग घरी तेलुगू, बाजारात मराठी बोलणारी बाई मराठी कथेत कशी बोलवायची?

मी पहिल्यांदा केलं ते बहुतेक सगळे करतात. तिची मराठी मोडकी लिहिली. लिंगं चुकवली, क्रियापदं वाकडी केली. छापील पानावर ती बाई एकदम बावळट दिसू लागली. प्रत्यक्षात अक्का तिच्या भाषेत एवढी धारदार बोलायची की तिचा जावई तिच्यासमोर बसताना बाह्या खाली करायचा. माणसाला त्याच्या दुसऱ्या भाषेतून मोजणं हा अन्याय आहे, आणि कथेत तो अन्याय लेखकाकडून नकळत होतो.

बऱ्याच खर्ड्यांनंतर मी असा मार्ग काढला. अक्कासारखी बाई मुलीशी बोलते तेव्हा ती तेलुगूत बोलते आहे हे वाचकाला एकदा कळू द्यायचं आणि मग ते बोलणं पूर्ण, वाहत्या, नीट मराठीत लिहायचं. टोमणे, म्हणीसारखी वाक्यं, लाड, सगळं. तीच बाई कारखान्यातल्या तपासनिसाशी मराठीत बोलते तेव्हा वाक्यं लहान करायची, पण मोडायची नाहीत. "बघा की." "ही चांगली आहे." "काल पण घेतली." वाचकाला आतला फरक आपोआप जाणवतो. जिला घरात एवढं बोलता येतं ती इथं तीन शब्दांवर आलेली आहे. तिची लाचारी वेगळी सांगावी लागत नाही.

आणि मूळ भाषेतला एखादा शब्द ठेवायचा असेल तर एकच ठेवा, पण असा की त्याच्यावर काहीतरी घडेल. माझ्या बाबतीत तो मला फुकट मिळाला. सुरुवातीच्या दिवसांत मी एकदा अक्काकडे चहा ओतत होते. तिच्या कपात ओतताना ती म्हणाली, "चालु, चालु." मी ओतत राहिले. "चालु!" मी आणखी ओतला. बशी भरली, चहा सुपाच्या कडेपर्यंत आला, तिनं सूप झटक्यात उचललं. तेलुगूत ‘चालु’ म्हणजे पुरे. मराठी कानाला ते ‘चालू’च ऐकू येतं, म्हणजे होऊ दे, थांबू नको. त्या दिवशी ओली झालेली तंबाखू तिनं उन्हात पसरली आणि मला एका शब्दानं बोलली नाही. पण दोन माणसं एकच शब्द ऐकतात आणि एक थांबायला सांगतो तेव्हा दुसरा पुढे जातो, यात किती कथा आहेत, हे मला तिथं बसल्या बसल्या दिसलं. कानडीत याच अर्थानं ‘साकु’ म्हणतात. तो शब्द मराठी माणसाला निदान फसवत तरी नाही.

कथेला घड्याळ हवं, असं मी म्हणते तेव्हा नव्या लेखकांना वाटतं की मी थरारकथेबद्दल बोलते आहे. तसं नाही. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. उजनीसारखं मोठं धरण जिल्ह्यात असून शहरातल्या कित्येक भागांत चार-पाच दिवसांनी पाण्याचा वार येतो. तो वार आमच्या घरातल्या सगळ्या गोष्टी ठरवतो. पाहुण्यांना कधी बोलवायचं, चादरी कधी धुवायच्या, बाळंतीण माहेराहून कधी आणायची. समजा, तुमच्या कथेत दोन जावांचं भांडण आहे. ते कधीही होऊ शकतं, म्हणून ते ढिलं पडतं. तेच भांडण पाणी सुटल्यावर लावा. पहाटेची वेळ, एक नळ, दोन घरांची पिंपं, तास-दीड तासात पाणी जाणार. आता प्रत्येक वाक्य बोलायला पाणी खर्ची पडतं. बोलत बसलं तर हंडा राहतो, हंडा भरला तर मनातलं राहतं. पाणी गेल्यावर दोघी एकमेकींसमोर उभ्या आहेत, आणि आता बोलायला भरपूर वेळ आहे, तेव्हा कुणी बोलत नाही. माझ्या बऱ्याच कथा पाण्याच्या दिवशी पहाटे लिहिल्या गेल्या आहेत, नळाला फुसफुस सुरू व्हायची वाट बघत. त्या अर्ध्या-पाऊण तासात जेवढं लिहून होतं तेवढं रविवारच्या मोकळ्या दुपारी होत नाही.

ऐतिहासिक कथा लिहू इच्छिणाऱ्यांशी थोडं बोलायचं आहे, कारण आमच्या गावाचा इतिहास मोहात पाडणारा आहे. मे 1930 मध्ये गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर पेटलं. 8 मे रोजी गोळीबार झाला. त्यानंतर काही दिवस शहरात इंग्रजांचं राज्य उरलंच नव्हतं, आणि 12 मेपासून मार्शल लॉ आला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी झाली. चार हुतात्म्यांचे पुतळे आम्ही रोज ओलांडतो. या विषयावर कथा लिहायला घेणारा प्रत्येकजण थेट फाशीच्या तख्ताजवळ जाऊन उभा राहतो. मीही राहिले होते. तिथं माझ्यासारख्या लेखकाला लिहायला काही उरत नाही. तिथला प्रत्येक शब्द आधीच पुतळ्याच्या चौथऱ्यावर आहे.

मग मी तारखेकडे पुन्हा पाहिलं. 12 जानेवारी. म्हणजे संक्रांत तोंडावर आलेली. म्हणजे आमच्या ग्रामदैवताची, सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा तोंडावर आलेली. सात नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीच्या उंच काठ्या, निघायची तयारी, यात्रेत घालायच्या पांढऱ्या बाराबंद्या धुऊन वाळत घातलेल्या, घराघरांत तीळ निवडायला घेतलेले. अशा घरात येरवड्याची बातमी आली असेल. तीळ निवडणारी बाई थांबली असेल का? तिनं तिळगूळ केला असेल का? लहान मुलानं मागितला असेल तर तिनं काय सांगितलं असेल? मला तिथं कथा दिसली. मोठ्या घटनेच्या शेजारच्या घरात. तारखा, नावं, ठिकाणं मात्र काटेकोर पाहिजेत. त्यांत कल्पनेला हात लावू द्यायचा नाही. कल्पना फक्त तिळाच्या ताटाशी.

यात्रेवरून आठवलं. 12 व्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांशी, म्हणजे याच सिद्धेश्वरांशी, लग्न करायची इच्छा धरणाऱ्या कुंभारकन्येची कथा सोलापुरात पोरासोरांना माहीत आहे. आपण शिवयोगी, संसार करणार नाही, पण माझ्या योगदंडाशी विवाह कर, असं महाराजांनी तिला सांगितलं. त्याच विवाहाच्या अक्षता आजही यात्रेत मंदिराशेजारच्या संमती कट्ट्याजवळ लाखो हात टाकतात. श्रद्धेच्या कथेत कुणी ढवळाढवळ करावी असं मी म्हणत नाही. मीही दरवर्षी अक्षता घेऊन उभी असते. पण लिहिणारी बाई म्हणून त्या गर्दीत माझ्या मनात हमखास येतं की ‘हो’ म्हणण्याआधी ती किती वेळ गप्प राहिली असेल, आणि तिच्या हाताला तेव्हा माती लागलेली असेल का. माती लागलेली असेल, असं मला दर वेळी वाटतं. कुंभाराची लेक आहे ती.

बाकीच्या व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यात. वही खिशात मावेल एवढी ठेवा आणि तिच्यात विचार लिहू नका, ऐकलेली वाक्यं लिहा, जशीच्या तशी. विचार आपल्याला परत येतात, वाक्य गेलं की गेलं. पहिला खर्डा कुणाला दाखवू नका. लिहून झालेली कथा मोठ्यानं वाचा. जिथं तुमचा श्वास अडतो तिथं वाक्य चुकलेलं असतं, जिथं तुमचा आवाज आपोआप नाटकी होतो तिथं तुम्ही खोटं लिहिलेलं असतं. दिवाळी अंकाला पाठवायची असेल तर नवरात्रात लिहायला बसू नका. अंकांची कामं पावसाळ्यातच सुरू होतात. 1909 मध्ये का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी कथेला ठरलेले सुगीचे दिवस आहेत, आणि सुगी हवी तर पेरणी मृगात. परत आलेली कथा वर्षभर पेटीत राहू द्या. मग काढून, ती दुसऱ्या कुणाची आहे असं समजून वाचा. आणि वाचन? भरपूर. मी हिराचंद नेमचंद वाचनालयात वाढले असं म्हटलं तरी चालेल. पण वाचून वाक्यं कळतात, माणसं कळायला उंबऱ्यावर जाऊन बसावं लागतं.

बसताना एक पथ्य पाळा. ज्याच्याकडे बसता त्याला सांगा की तुम्ही लिहिता. मी अक्काला पहिले कित्येक आठवडे सांगितलं नव्हतं आणि ते आजही मला टोचतं. तिनं मला दिलं ते शेजारची पोर समजून दिलं होतं. शेवटी एक दिवस धीर करून म्हटलं, "अक्का, मी तुझ्यावर गोष्ट लिहिलीय." हात चालूच. "माझ्यावर काय असतंय?" म्हणाली. मग जरा वेळानं, दोन-तीन विड्या झाल्यावर, "वाच की."

मी वाचायला लागले. मराठीतच. तिला सगळं कळत होतं. मी वाचता वाचता तिच्या बोटांकडे बघत होते. नवऱ्याच्या मरणाचा प्रसंग आला, जो मी सहा वेळा लिहिला होता. बोटं चालू होती. मुलीचं शाळेतून नाव काढतात तो प्रसंग आला, जिथं वाचक हळहळतील असं मला वाटत होतं. पान, चिमूट, वळण, फेरे. मी आणखी जीव ओतून वाचू लागले. फरक पडला नाही.

पुढे एक साधी जागा होती. संध्याकाळी काम संपतं, बाई सूप उलटं करून भिंतीवर दोनदा आपटते आणि मांडी झाडून उठायला जाते, तर पाय बधिर झालेला असतो. ती भिंतीला हात लावून उभी राहते, पायात मुंग्या येऊन जाईपर्यंत. घरात कुणाला वाटतं, ती काहीतरी बघत उभी आहे. मी हे एका परिच्छेदात उरकलं होतं, पुढच्या मोठ्या प्रसंगाकडे जायचं होतं म्हणून.

अक्काचा हात थांबला. अर्धी वळलेली विडी बोटांत तशीच. तिनं मान वर केली, माझ्याकडे नाही, समोरच्या भिंतीकडे. भिंतीवर कमरेच्या उंचीला तेलकट काळपट डाग होता, पंजाएवढा. मी त्या घरात महिनोन्‌महिने बसत होते आणि तो मला त्या क्षणी दिसला.

मी पुढचं पान उलटलं. पुढे मोठा प्रसंग होता.

"चालु," अक्का म्हणाली.

मी वही हातात धरून बसून राहिले. तिनं मान खाली घातली आणि राहिलेले फेरे दिले.